शस्त्र कोणाच्या हाती? : सिझेरियन शस्त्रक्रियेच्या तुलनात्मक अभ्यासांचे परीक्षण

(१)

प्रसूती अडली आणि मूल नैसर्गिक मार्गाने बाहेर येणे अशक्य झाले, म्हणजे माता व अर्भक या दोघांचेही प्राण एका शस्त्रक्रियेवर अवलंबून राहतात. उदर व गर्भाशय छेदून मूल बाहेर काढण्याची ही शस्त्रक्रिया सिझेरियन या नावाने सर्वपरिचित आहे. ती कोणी करावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यावसायिक अधिकाराचा वाटतो. जेथे प्रसूतिशास्त्राचे तज्ज्ञ पुरेशा संख्येने आहेत तेथे तो फारसा उद्‌भवतही नाही. परंतु आफ्रिका खंडात सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस असलेल्या अनेक देशांत जिल्ह्याच्या रुग्णालयात तज्ज्ञ तर नाहीच, पण साधा पदवीधर डॉक्टरही नाही, अशी स्थिती दीर्घकाळ होती. पुष्कळ ठिकाणी ती अद्यापही आहे. अशा देशांपैकी काहींनी हे काम वैद्यकीय पदवी नसलेल्या, परंतु त्यासाठी मुद्दाम शिकवून तयार केलेल्या कर्मचाऱ्यांच्या हाती दिले. त्यांच्या हातून झालेल्या शस्त्रक्रियांचे परिणाम डॉक्टरांच्या शस्त्रक्रियांच्या तुलनेत कसे ठरतात, याचा शोध घेणारे अभ्यास १९८७ पासून वेळोवेळी प्रसिद्ध झाले आहेत. त्यांतील काही प्रमुख अभ्यासांचे परीक्षण येथे करावयाचे आहे.

या अभ्यासांनी गोळा केलेली माहिती मोलाची आहे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो तिच्यातून काढल्या जाणाऱ्या अनुमानाविषयी. ‘डॉक्टर व बिगरडॉक्टर यांच्या शस्त्रक्रियांत भेद आढळत नाही’ हे वाक्य समर्थक ज्या निःशंकपणे उद्धृत करतात, तेवढा आधार त्याला अभ्यासांत सापडत नाही. उलट पक्षी, पदवीवाचून शस्त्र हाती घेणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळणे होय, या मतालाही त्या अभ्यासांचा आधार नाही. दोन्ही पक्ष पुराव्याला दोन मापे लावतात. स्वपक्षाला अनुकूल आकडा आला की तो वस्तुस्थिती ठरतो आणि प्रतिकूल आला की परिस्थितीचा परिणाम ठरतो. ही दोन मापे टाकून एकच माप घेतले असता काय उरते, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रारंभी एका जुन्या नोंदीचे स्मरण करणे योग्य होईल. १८७९ मध्ये रॉबर्ट फेल्किन या प्रवाशाने आजच्या युगांडातील बुन्योरो राज्यात काहुरा येथे स्थानिक वैद्याने केलेली सिझेरियन शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली, आणि तिचा वृत्तांत १८८४ मध्ये एडिंबरा येथील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. केळ्याच्या मद्याने स्त्रीला गुंगी आणणे, त्याच मद्याने हात व उदर धुणे, तापलेल्या लोखंडाने रक्तस्राव थांबविणे अशी त्या वैद्याची पद्धती होती. ती स्त्री वाचली. गर्भाशय शिवण्याची माक्स सेंगर यांची सुधारित पद्धत जर्मनीत १८८२ मध्ये प्रसिद्ध झाली. तोपर्यंत युरोपातही या शस्त्रक्रियेनंतर माता जगणे हे अपूर्व मानले जाई. एका नोंदीवरून सिद्धान्त मांडता येत नाही. तथापि कौशल्य व पदवी या दोन भिन्न वस्तू आहेत, एवढे तरी त्या नोंदीवरून निश्चित म्हणता येते. त्या दोहोंचा संबंध किती घट्ट आहे, हाच आजच्या अभ्यासांचा विषय आहे.

(२)

प्रथम संज्ञेचा विचार केला पाहिजे. कारण या क्षेत्रातील पुष्कळसा गोंधळ संज्ञेतूनच निर्माण झाला आहे.

मोझांबिक हा देश १९७५ मध्ये पोर्तुगालच्या सत्तेतून मुक्त झाला आणि तेथील बहुतेक पोर्तुगीज डॉक्टर देश सोडून गेले. त्यातच यादवी युद्धाला तोंड लागले. ते १९९२ पर्यंत चालू होते. या परिस्थितीत १९८४ मध्ये तेथील शासनाने ‘तेक्निको दे सिरुर्जिया’, म्हणजे शल्यकर्माचे तंत्रज्ञ, तयार करण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. अगोदरच आरोग्यसेवेत असलेले अनुभवी कर्मचारी निवडावयाचे, त्यांना दोन वर्षे राजधानी मापुतो येथील मध्यवर्ती रुग्णालयात शिकवावयाचे व तिसरे वर्ष प्रांतिक रुग्णालयात देखरेखीखाली काम करवून घ्यावयाचे, अशी त्याची आखणी होती. मलावीत याच कामाचा भार ‘क्लिनिकल ऑफिसर’ नावाच्या वर्गावर पडला. हा वर्ग सर्वसामान्य रोगचिकित्सेसाठी तयार झालेला होता. त्याचे शल्यशिक्षण मुख्यतः उमेदवारीच्या काळात, वरिष्ठांच्या हाताखाली झाले. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासोमध्ये शस्त्रक्रियेचे विशेष शिक्षण घेतलेले परिचारक हे काम करीत आले आहेत. तत्कालीन झाइर देशात तर परिचारिका व परिचारक यांनी केलेल्या प्रसूतिविषयक शस्त्रक्रियांचा वृत्तांत ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १९८७ मध्येच प्रसिद्ध झाला होता.

या सर्वांना एकाच संज्ञेखाली आणले, म्हणजे तीन वर्षे केवळ शस्त्रक्रिया शिकलेला मनुष्य आणि उमेदवारीत पाहून पाहून शिकलेला मनुष्य एका रकान्यात बसतात. समोरच्या रकान्यातही तोच प्रकार होतो. ‘डॉक्टर’ या शब्दात वीस वर्षांच्या अनुभवाचा प्रसूतितज्ज्ञ येतो आणि कालच पदवी घेऊन आलेला तरुणही येतो. दोन्ही बाजूंना एवढी विषमता असता त्यांच्या सरासऱ्या एकमेकींच्या जवळ आल्या, तर त्यात नवल कसले? आणि त्या जवळिकीवरून विशिष्ट शिक्षणक्रमाविषयी काय म्हणता येणार?

मोझांबिकविषयीचा आरंभीचा महत्त्वाचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मापुतोच्या मध्यवर्ती रुग्णालयातील लागोपाठच्या २,०७१ सिझेरियन शस्त्रक्रियांची पाहणी होती. त्यांपैकी ९५८ बिगरडॉक्टर शल्यकर्मींनी व १,११३ तज्ज्ञांनी केलेल्या होत्या. रक्त साकळल्यामुळे वरची जखम उसवण्याचे प्रमाण पहिल्या गटात अधिक होते. अन्य बाबतींत लक्षणीय भेद आढळला नाही. हा अभ्यास नेटका आहे, परंतु त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. राजधानीतील सर्वांत मोठ्या रुग्णालयात रक्त उपलब्ध असते, भूल देणारा असतो, आणि प्रसंग बिकट झाला तर शेजारच्या दालनात तज्ज्ञ असतो. तेथे सिद्ध झालेली समानता ही तज्ज्ञाच्या छत्राखालची समानता होय. ज्या जिल्हा रुग्णालयासाठी हा वर्ग निर्माण केला, तेथे ते छत्र नाही. विहिरीत दोर बांधून पोहणारा कुशल असेलही, परंतु त्यावरून पुराच्या नदीतील कौशल्याची खात्री देता येत नाही.

(३)

या विषयावरील सर्वाधिक उद्धृत होणारा लेख म्हणजे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेले विल्सन व त्यांचे सहकारी यांचे एकत्रित विश्लेषण. सहा तुलनात्मक अभ्यास व त्यांतील १६,०१८ स्त्रिया एवढा त्याचा विस्तार आहे. या सहांपैकी एकाही अभ्यासात कोणत्या स्त्रीची शस्त्रक्रिया कोणी करावयाची हे चिठ्ठ्या टाकून ठरविलेले नव्हते. रुग्णांच्या मूळ अवस्थेतील फरकांचा हिशेब केवळ दोनच अभ्यासांनी केला होता.

विश्लेषणाचा निष्कर्ष असा : मातामृत्यूच्या बाबतीत डॉक्टर व क्लिनिकल ऑफिसर यांच्यात लक्षणीय भेद नाही, प्रसूतिकालीन अर्भकमृत्यूच्या बाबतीतही नाही. मात्र जखमेत जंतुसंसर्ग होणे व जखम उसवणे हे दोन्ही प्रकार क्लिनिकल ऑफिसरांच्या गटात अधिक आढळले.

आता हे आकडे जवळून पाहावेत. दोन गटांची तुलना येथे गुणोत्तराने केलेली आहे. ते १ आले तर दोन्ही गट समान आणि १ पेक्षा मोठे आले तर क्लिनिकल ऑफिसरांच्या गटात ती आपत्ती अधिक, असा त्याचा अर्थ. मातामृत्यूचे गुणोत्तर १.४६ आले, परंतु ते ०.७८ ते २.७५ या मर्यादांत कोठेही असू शकते. या मर्यादांत १ चा समावेश होतो, म्हणून ‘भेद लक्षणीय नाही’ असे म्हटले गेले. जखमेतील संसर्गाचे गुणोत्तर १.५८ आणि त्याच्या मर्यादा १.०१ ते २.४७. यांत १ चा समावेश अगदी थोडक्यात चुकतो, म्हणून तेथे ‘भेद आहे’ असे ठरले.

या दोन वाक्यांत किती अंतर आहे ते पाहण्यासारखे आहे. १.४६ आणि १.५८ या संख्या एकमेकींच्या अगदी निकट आहेत. पहिलीला ‘भेद नाही’ आणि दुसरीला ‘भेद आहे’ असे म्हणावे लागले, याचे मुख्य कारण मृत्यू ही संसर्गाहून विरळ घटना आहे, आणि विरळ घटनेविषयी थोड्या संख्येवरून ठामपणे बोलता येत नाही, हे होय. अर्थात् मृत्यूच्या बाबतीत अभ्यासांना दिसले नाही एवढेच खरे. तेथे काही नाही असे सिद्ध झालेले नाही. मातामृत्यूची शक्यता पाचव्या हिश्श्याहून थोडी अधिक कमी असण्यापासून ती पावणेतीनपट असण्यापर्यंत सर्व पर्याय ज्या माहितीशी सुसंगत आहेत, त्या माहितीला समानतेचा पुरावा म्हणता येत नाही. अंधाऱ्या खोलीत डोकावून कोणी दिसले नाही, यावरून खोली रिकामी आहे असे ठरत नाही.

हीच अडचण मलावीच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही आहे. त्यात ३८ जिल्हा-पातळीवरील रुग्णालयांतील २,१३१ मोठ्या प्रसूतिशस्त्रक्रिया पाहिलेल्या आहेत आणि त्यांपैकी १,८७५, म्हणजे अठ्ठ्याऐंशी टक्के, क्लिनिकल ऑफिसरांनी केलेल्या आहेत. जिल्हा रुग्णालयांचा भार प्रत्यक्षात कोण वाहतो, हे या एका आकड्यावरून जितके कळते तितके कोणत्याही शासकीय अहवालावरून कळत नाही. परंतु तुलनेच्या दृष्टीने डॉक्टरांच्या वाट्याला केवळ २५६ शस्त्रक्रिया उरतात. शेकडा एक या प्रमाणात मृत्यू घडतात असे मानले, तर एवढ्या शस्त्रक्रियांत दोन-तीन मृत्यू अपेक्षित होत. एक मृत्यू अधिक किंवा उणा झाला की सगळे प्रमाण पालटते.

विल्सन व सहकारी यांच्यावर या बाबतीत अन्याय होऊ नये. आपले निष्कर्ष कच्च्या स्वरूपाचे आहेत, कारण मूळ अभ्यासांत गटवाटणी यदृच्छेने झालेली नाही, हे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे, आणि जखमेविषयीच्या भेदावरून शिक्षणातील उणिवेकडे बोटही दाखविले आहे. दोष आहे तो उद्धृत करण्याच्या रीतीत. लेखातील वाक्य लेखातून निघून अहवालात, अहवालातून धोरणपत्रात आणि तेथून व्याख्यानात जाता जाता त्याला जोडलेली अट वाटेतच गळून पडते, आणि उरते ते केवळ ‘भेद नाही’.

(४)

एकच माप वापरण्याची खरी कसोटी पुढील दोन अभ्यास शेजारी ठेवले असता लागते.

पहिला अभ्यास बुर्किना फासोचा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २२ रुग्णालयांतील २,३०५ सिझेरियन शस्त्रक्रियांची पाहणी आहे. त्यात शस्त्रक्रिया करणारे तीन वर्ग होते : प्रसूतितज्ज्ञ, सामान्य डॉक्टर व बिगरडॉक्टर शल्यकर्मी. नवजात अर्भकांच्या मृत्यूचे प्रमाण दर हजारी प्रसूतितज्ज्ञांच्या गटात ९९, सामान्य डॉक्टरांच्या गटात १२५ आणि बिगरडॉक्टरांच्या गटात १९८ असे आढळले. शिक्षण जसजसे कमी तसतसे मृत्यू अधिक, अशी सरळ पायरी येथे दिसते. शेवटची पायरी पहिलीच्या बरोबर दुप्पट उंच आहे.

दुसरा अभ्यास सिएरा लिओनचा. तेथे २०११ पासून शासन आणि नॉर्वेतील ‘कापाकेअर’ ही संस्था यांच्या सहकार्याने बिगरडॉक्टरांना शस्त्रक्रिया शिकविण्यात येऊ लागल्या. ऑक्टोबर २०१६ ते मे २०१७ या काळातील शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टरांनी केलेल्या ८३१ शस्त्रक्रियांनंतर १५ माता दगावल्या, तर बिगरडॉक्टरांनी केलेल्या ४४३ शस्त्रक्रियांनंतर एकच.

हे आकडे जसेच्या तसे स्वीकारावयाचे, तर बुर्किना फासोत पदवी तारक ठरते आणि सिएरा लिओनमध्ये मारक ठरते. दुसरे अनुमान कोणीही शहाणा मनुष्य स्वीकारणार नाही. तो तत्काळ विचारील : कोणत्या स्त्रिया कोणाकडे गेल्या? कोणत्या वेळी गेल्या? आणि हा प्रश्न रास्तच आहे. कारण कामाच्या ठराविक वेळेबाहेरील शस्त्रक्रियांचा वाटा डॉक्टरांच्या गटात अधिक होता, असे त्याच अभ्यासात नोंदलेले आहे. रात्री-अपरात्री आणली जाणारी स्त्री बहुधा अधिक संकटात असते आणि रुग्णालयाचे मनुष्यबळही त्या वेळी अपुरे असते. सर्वांत बिकट रुग्ण सर्वांत वरिष्ठाकडे जातो, हा रुग्णालयांचा सार्वत्रिक नियम आहे. तेव्हा वरिष्ठाच्या नावे अधिक मृत्यू पडणे हे त्याच्या अकौशल्याचे लक्षण नसून त्याच्यावरील विश्वासाचे लक्षण असू शकते.

परंतु हा युक्तिवाद एकदा मान्य केला की तो बुर्किना फासोलाही लावावा लागतो. तज्ज्ञ बहुधा मोठ्या शहरात असतो आणि बिगरडॉक्टर आडवळणाच्या जिल्ह्यात. तेथपर्यंत बैलगाडीने वा सायकलीवरून येईतो प्रसूती अडून किती काळ लोटला असेल? मूल अगोदरच गुदमरलेले असेल, तर ते बाहेर काढणाऱ्या हाताची पदवी त्याला कशी वाचविणार? दर हजारी १९८ या आकड्यात शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या उणिवेचा वाटा किती आणि रस्त्याचा वाटा किती, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. सिएरा लिओनच्या पंधरा मृत्यूंना परिस्थितीची सबब द्यावयाची आणि बुर्किना फासोच्या अर्भकमृत्यूंचा दोष मात्र थेट शल्यकर्म्याच्या माथी मारावयाचा, किंवा याच्या उलट करावयाचे, हे समीक्षेच्या नीतीत बसत नाही.

तथापि सिएरा लिओनच्या अभ्यासाने एक पाऊल पुढे टाकले आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. ‘भेद आढळतो का?’ असे न विचारता ‘बिगरडॉक्टरांचे परिणाम ठरीव मर्यादेहून अधिक वाईट नाहीत, हे दाखविता येते का?’ असा प्रश्न त्या संशोधकांनी आरंभीच घालून घेतला. पहिल्या प्रश्नात माहिती जितकी तुटपुंजी तितके ‘भेद नाही’ हे उत्तर सोपे. दुसऱ्यात तुटपुंजी माहिती दावा करणाऱ्याच्याच विरुद्ध जाते. सिद्ध करण्याचा भार ज्याचा त्याच्यावर टाकणारी ही मांडणी अधिक प्रामाणिक आहे. शिवाय त्या संशोधकांनी दहांपैकी नऊ स्त्रियांची तिसाव्या दिवशी घरी जाऊन विचारपूस केली. जखमेचा संसर्ग पुष्कळदा स्त्री घरी गेल्यावर प्रकट होतो. जे अभ्यास रुग्णालयाच्या दारापाशी थांबतात, त्यांना तो दिसतच नाही.

(५)

आतापर्यंतच्या विवेचनात एक गोष्ट गृहीत धरली गेली : शस्त्रक्रियेचे यश म्हणजे शस्त्र धरणाऱ्या हाताचे यश. हे गृहीतच तपासून पाहिले पाहिजे.

मलावीविषयी फेंटन व सहकारी यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. भूल देणाऱ्या ४५ कर्मचाऱ्यांनी ८,०७० सिझेरियन शस्त्रक्रियांची नोंद ठेवली होती. शस्त्रक्रियेनंतर ७२ तासांच्या आत ८५ माता, म्हणजे शेकडा एकीहून किंचित अधिक, दगावल्या. प्रसूतिकालीन अर्भकमृत्यू शेकडा ११.२ होते. मातामृत्यूशी ज्या गोष्टींचा संबंध दिसला त्यांत गर्भाशय फाटणे, फार रक्त जाणे आणि भूल देणाऱ्याचे शिक्षण अल्प असणे या प्रमुख होत्या. पूर्ण भुलेपेक्षा पाठीच्या कण्यातून दिलेली भूल अधिक सुरक्षित ठरली. आणि बहुतेक माता शस्त्रक्रियेच्या मेजावर नव्हे, तर नंतर वॉर्डात दगावल्या.

या शेवटच्या वाक्याचा अर्थ गंभीर आहे. शस्त्रक्रिया संपली, शस्त्र खाली ठेवले गेले, डॉक्टर वा क्लिनिकल ऑफिसर पुढच्या कामाला लागला, आणि त्यानंतर स्त्री गेली. त्या वेळी तिची नाडी कोणी पाहिली, रक्तस्राव कोणाच्या लक्षात आला, रक्त होते की नव्हते, पन्नास खाटांमागे रात्री किती परिचारिका होत्या, हे प्रश्न ‘शस्त्र कोणाच्या हाती?’ या प्रश्नात येतच नाहीत. तुलनात्मक अभ्यासांचा सगळा भर एका व्यक्तीवर पडतो आणि ज्या संचामुळे ती व्यक्ती यशस्वी वा अयशस्वी होते तो संच नजरेआड होतो. शल्यकर्म्याला तीन वर्षे शिकवून पाठवावयाचे आणि त्याच्या शेजारी भूल देण्यास जुजबी शिकलेला मनुष्य उभा करावयाचा, ही काटकसर नव्हे. ती एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे आहे.

दुसरी उणीव निर्णयाची. सिझेरियनमधील कौशल्य केवळ छेद घेण्यात व टाके घालण्यात नाही. शस्त्रक्रिया केव्हा करावी आणि केव्हा करू नये हे ओळखण्यात त्याचा मोठा भाग आहे. अवेळी केलेली, अनावश्यक केलेली आणि आवश्यक असूनही न केलेली शस्त्रक्रिया, हे तिन्ही दोष निर्णयाचे आहेत. वर पाहिलेले अभ्यास झालेल्या शस्त्रक्रियेपासून मोजणी सुरू करतात. जी झाली नाही तिची नोंद शस्त्रक्रियागृहाच्या वहीत नसते. ती फार तर गावाच्या स्मशानात असते. निर्णयाच्या बाबतीत विस्तृत शिक्षणाचा लाभ होतो की नाही, हा या विषयातील कळीचा प्रश्न अशा प्रकारे अस्पर्शित राहिला आहे.

(६)

यावरून बिगरडॉक्टरांना शस्त्रक्रिया सोपविण्याचे धोरण निराधार आहे, असे कोणी समजेल तर ते चुकीचे ठरेल. त्या धोरणाचा आधार निराळा आहे आणि तो समानतेच्या डळमळीत दाव्याहून पुष्कळ भक्कम आहे.

मोझांबिकमध्ये २००२ साली झालेल्या १२,१७८ मोठ्या प्रसूतिशस्त्रक्रियांपैकी सत्तावन्न टक्के शल्यतंत्रज्ञांनी केल्या. ग्रामीण रुग्णालयांत तर हे प्रमाण ब्याण्णव टक्के होते. जिल्हा रुग्णालयांत नेमलेल्यांचा माग काढला असता सात वर्षांनंतर तंत्रज्ञांपैकी दहांतील जवळजवळ नऊ तेथेच होते आणि डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता. हे दोन्ही निष्कर्ष २००७ मध्ये एकाच अभ्यासातून पुढे आले. सगळ्या तुलनात्मक तक्त्यांनी मिळून जे सांगितले नाही ते यांनी सांगितले. ग्रामीण स्त्रीपुढील पर्याय तंत्रज्ञ की तज्ज्ञ असा कधी नव्हताच. तो तंत्रज्ञ की कोणीच नाही असा होता. अडलेल्या प्रसूतीत कोणीच नसणे म्हणजे काय, हे गर्भाशय फाटून मेलेल्या मातांना आणि मूत्रमार्गाची कायमची इजा घेऊन घरादाराला पारख्या झालेल्या स्त्रियांना ठाऊक आहे. तुलनेच्या तक्त्यात हा तिसरा रकाना असता, तर उरलेल्या दोन रकान्यांतील भेद किती लहान आहे हे कोणालाही दिसले असते.

मात्र येथेही सावधगिरी हवी. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आर्थिक विश्लेषणात तंत्रज्ञाच्या एका शस्त्रक्रियेचा खर्च, तीस वर्षांचा हिशेब धरून, ३८.८७ डॉलर आणि तज्ज्ञाच्या शस्त्रक्रियेचा १४४.१० डॉलर असा काढलेला आहे. हिशेब बरोबर असेल. पण स्वस्ताई हा युक्तिवाद दुधारी आहे. तंत्रज्ञ स्वस्त पडतो याचे एक कारण त्याला कमी वेतन मिळते हे आहे. दुसरे असे की त्याच्या पदविकेला अन्यत्र मान्यता नसल्यामुळे तो सहसा कोठे जाऊ शकत नाही. ज्या बंधनामुळे तो गावात राहतो, तेच बंधन त्याचा असंतोषही वाढविते. गरजेतून निर्माण झालेली व्यवस्था स्वस्त आहे म्हणून कायम ठेवावयाची, आणि ‘भेद नाही’ या वाक्याचा तिला टेकू द्यावयाचा, असे झाले तर ग्रामीण स्त्रीच्या वाट्याला जे आले तेच तिला पुरे, असा त्याचा अर्थ होईल.

मराठी वाचकाला हा वाद अगदीच परका नाही. मुंबई इलाख्यात एल. सी. पी. एस. ही पदविका घेतलेल्या डॉक्टरांनी तालुक्यांच्या गावी दीर्घकाळ वैद्यकसेवा चालविली. १९४६ च्या भोर समितीने पदवीधर हा एकच ‘मूलभूत डॉक्टर’ असावा असे ठरवून पदविकेचे शिक्षण बंद करण्याची शिफारस केली, आणि समितीतील काही सदस्यांनी तिच्याविरुद्ध आपले भिन्न मत नोंदविले. दर्जा आधी की उपलब्धता आधी, हाच तो वाद. या शतकाच्या पहिल्या दशकात भारतात पुन्हा मधला मार्ग शोधला गेला. एम. बी. बी. एस. डॉक्टरांना तातडीच्या प्रसूतिसेवेचे सोळा आठवड्यांचे आणि इतर काहींना भूल देण्याचे, आरंभी अठरा आठवड्यांचे, शिक्षण देण्यात येऊ लागले. भुलेचा निराळा विचार येथे केला गेला, ही गोष्ट फेंटन यांच्या निष्कर्षाशी जुळणारी आहे. परंतु शस्त्रक्रिया शिकलेला डॉक्टर एका तालुक्यात आणि भूल शिकलेला दुसऱ्या तालुक्यात नेमला गेला, तर दोन्ही शिक्षणे वाया जातात, हे सांगण्यास अभ्यासाची गरज नाही.

(७)

सारांश असा की, सिझेरियन करणाऱ्यांच्या वर्गवारीवरील हे अभ्यास ज्या प्रश्नाचे उत्तर देतात असे मानले जाते, त्याचे उत्तर ते देत नाहीत. गटांतील विषमता, यदृच्छेचा अभाव, मृत्यूंची विरळ संख्या आणि रुग्णालयाच्या दारापाशी थांबणारी पाहणी यांमुळे समानता सिद्ध होत नाही. त्याच कारणांनी कनिष्ठताही सिद्ध होत नाही. पुन्हा पुन्हा वर येतात त्या तीन गोष्टी. जखमांचे दोष बिगरडॉक्टरांच्या गटात अधिक आहेत आणि ते शिक्षणाने दूर होण्यासारखे आहेत. भूल, रक्त आणि शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा यांवर मातेचे प्राण शल्यकर्म्याच्या हाताइतकेच अवलंबून आहेत. आणि ग्रामीण भागात टिकून राहणारा कर्मचारी हा कोणत्याही तक्त्यात न मावणारा लाभ आहे.

‘भेद नाही’ हे वाक्य निष्काळजीपणे स्वीकारण्यात खरा तोटा आहे तो येथे. भेदच नसेल तर सुधारण्यासारखे काही उरत नाही. मग जखमेचे टाके शिकविण्यास, भूल देणाऱ्याचे शिक्षण वाढविण्यास किंवा रात्रपाळीला आणखी एक परिचारिका नेमण्यास पैसा कोण देणार? मापुतोपासून शेकडो कोसांवरच्या रुग्णालयात मध्यरात्री एकट्याने शस्त्र हाती घेणाऱ्या तंत्रज्ञाचा गौरव तो तज्ज्ञाइतकाच आहे असे म्हणण्याने होत नाही. त्याला काय कमी पडते याची खरी मोजणी करून ते पुरविण्याने तो होतो. त्या मोजणीची वही अजून नीट उघडलेली नाही.